खर्ज, नर, मादी आणि सां-सुल्पिस

पॅरिसला आठवडाभर राहून आयफेल टॉवर फक्त लांबून पाहिला असं सांगितलं की लोक माझ्याकडे दयेने बघतात. माझा इलाज नव्हता. आठवड्यातले तीन दिवस भाचीच्या घरी सर्दीत गेले आणि उरलेले चार एका ऑर्गनच्या मागे. त्या चार दिवसांचं हे टिपण.

आधी थोडं घरचं. माझे वडील नाटकात ऑर्गन वाजवत. म्हणजे आपला नाट्यसंगीतातला, पायाने भाता मारायचा ऑर्गन. घरी त्यांची एक कासरियल पेटीही होती, अस्सल पॅरिसच्या सुरांची. ते गेल्यावर मी ती शहरातल्या एका दुरुस्तीवाल्याकडे दिली. भाता गळत होता, एवढीच तक्रार होती. पेटी परत आली ती ‘मोठी’ होऊन. नवा कपलर, नवे सूर, दणदणीत आवाज. जुने पितळी सूर त्याने बिस्किटाच्या डब्यात घालून हातात दिले आणि म्हणाला, “हे आता कशाला हवेत?” तेव्हापासून वाद्य ‘वाढवलं’ असं कुणी म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. पॅरिसच्या सां-सुल्पिस चर्चमधला नळ्यांचा ऑर्गन १७८१चा आणि १८६२ला वाढवलेला, हे वाचलं तेव्हाही आलाच. तरी बघायचं ठरवलं.

शुक्रवार

चार नंबरच्या मेट्रोने सां-सुल्पिस स्टेशनला उतरलो. चौकात आल्याबरोबर भाची म्हणाली, “मामा, बुरूज बघा, दोन्ही वेगळे आहेत.” खरंच, उत्तरेचा उंच, दक्षिणेचा बुटका आणि अर्धवट वाटणारा. दोन ठेकेदारांना काम दिल्यासारखं.

आत मात्र कुणी घाई केलेली नाही. एकशे तेरा मीटर लांब आणि चौतीस मीटर उंच असं ते पोट. पाऊल टाकलं की त्याचा आवाज लांबवर जाऊन सावकाश परत येतो. मी सवयीने टाळी वाजवून बघणार होतो, भाचीने हात धरला.

ऑर्गन दाराच्या वरच असल्याने आत शिरताना दिसतच नाही. आपण वेदीच्या दिशेने चालत राहतो आणि तो पाठीमागे असतो. मागे वळलो आणि पहिल्यांदा वाटलं, हे वाद्य नव्हे, देऊळ आहे. मोठाले खांब, त्यांच्यामध्ये पुतळे आणि मधोमध वीणेसारखं वाद्य घेतलेला दावीद राजा. ही लाकडी दर्शनी बाजू शालग्रँने आखली, पुढे आर्क द त्रियोंफचा आराखडा करणारा तोच शालग्रँ. पुतळे क्लोदियोंचे. ऑर्गनच्या नळ्या खांबांमधून जेमतेम डोकावतात. वास्तुकाराने वाद्य करणाऱ्याला किती जागा सोडली असेल, या विचाराने मला क्लिकोची दया आली.

फ्रांस्वा-आंरी क्लिको हा राजेशाही काळातला फ्रान्समधला सगळ्यात नावाजलेला ऑर्गनकार. त्याने १७८१मध्ये या देवळाच्या पोटात पाच कीबोर्ड आणि चौसष्ट खुंट्यांचा ऑर्गन बसवला. खुंटी म्हणजे काय हे पेटीवाल्याला सांगावं लागत नाही. खुंटी ओढली की सुरांची एक पूर्ण रांग जागी होते. आपल्या पेटीत तीन ओळी म्हणजे डोक्यावरून पाणी, इथे चौसष्ट. आठ वर्षांत क्रांती आली. चर्चचं ‘विजयमंदिर’ झालं आणि १७९९च्या नोव्हेंबरात इथे बोनापार्टच्या सन्मानार्थ मोठी जेवणावळ झाली. चर्चमध्ये ताटं मांडली गेली, ऑर्गन मात्र वाचला.

उजव्या हाताच्या पहिल्या छोट्या देवघरात दलाक्रुआची भित्तिचित्रं आहेत. देवदूताशी कुस्ती खेळणारा याकोब बघायला गर्दी होती. १८६१मध्ये त्याने हे काम संपवलं. म्हणजे तो इथे रंगवत असताना त्याच छताखाली ऑर्गनची खोलाखोल चालू होती. ठोकाठोकीचा त्याला त्रास झाला असेल का, हा प्रश्न माझ्या डोक्यात रात्रीपर्यंत राहिला.

शनिवार

आज तेरा नंबरची मेट्रो. सां-दनीला गेलो, कारण मोठ्या कामाआधी माणसाने आधी काय केलं होतं ते बघावं, असं वडील म्हणत.

सां-सुल्पिसचा ऑर्गन वाढवणारा तो अरिस्तीद काव्हाये-कोल. मूळचा दक्षिणेकडचा, ऑर्गनकारांच्या घरातला. बाविसाव्या वर्षी, १८३३मध्ये, पॅरिसला आला तेव्हा सां-दनीच्या ऑर्गनची स्पर्धा अगदी संपत आली होती. त्याने घाईघाईत आराखडा दिला आणि काम त्यालाच मिळालं. त्याला पॅरिसला जा म्हणणाऱ्यांत इटालियन संगीतकार रोसिनी होता. रोसिनीला त्याचं काय आवडलं होतं? तर त्याने केलेलं एक छोटं वाद्य, ज्यात नळ्या नव्हत्या, नुसते धातूचे सूर हवेवर थरथरत. म्हणजे पेटीचा थोरला चुलतभाऊच. हार्मोनियमचं पेटंट मात्र दबँ नावाच्या दुसऱ्या पॅरिसकराने १८४२मध्ये घेतलं आणि ती पुढे आपल्याकडे येऊन मांडीवर बसली. आमच्या घराण्याचा मूळ पुरुष इथल्याच गल्लीबोळांत हिंडत होता, हे कळल्यावर मी मेट्रोत उगीचच ताठ बसलो.

सां-दनी म्हणजे फ्रान्सच्या राजांचं स्मशान. राजेराण्या संगमरवरात आडव्या झोपलेल्या आहेत. त्यांना नमस्कार करून मी मागे वळलो आणि ऑर्गनकडे बघत बसलो. १८४१मध्ये पुरा झाला. त्यात पहिल्यांदा जी युक्ती वापरली, तिच्याशिवाय सां-सुल्पिसचं वाढवणं शक्यच नव्हतं. म्हणून ती इथेच सांगतो.

नळ्यांच्या ऑर्गनमध्ये पट्टी दाबली की लाकडी पट्ट्या, तारा, गज यांच्या साखळीतून लांबवरची एक झडप उघडते. झडपेवर हवेचा दाब असतो, तो मोडायला बोटाला जोर लागतो. खुंट्या वाढवा, कीबोर्ड एकमेकांना जोडा, की तो जोर इतका वाढतो की वादकाला बोटांऐवजी कोपर वापरावं लागेल. बार्कर नावाच्या इंग्रजाने यावर उपाय काढला होता आणि त्याच्या देशात त्याला दाद मिळत नव्हती. उपाय असा: बोटाने जड झडप उघडायचीच नाही. बोटाने एक चिमुकला भाता फुगवायचा आणि जड काम त्या भात्याने करायचं. प्रत्येक पट्टीला असा एक भाता. हवेचं ओझं हवेनेच उचलायचं, म्हणजे काट्याने काटा काढण्यातलाच प्रकार.

याच बार्करच्या हातून १८४४मध्ये सांत-उस्ताश चर्चमध्ये मेणबत्ती पडली आणि तिथला ऑर्गन जळून गेला. देव देतो तेव्हा हिशेबही मांडतो.

दुपारी सांत-क्लोतिल्द. हे छोटं चर्च. इथे संगीतकार सेझार फ्रांक वाजवत असे. काव्हाये-कोलचाच १८५९चा ऑर्गन. फ्रांकने त्याच्यावर जी रचना केली ती जगभरचे वादक वाजवतात. पण फ्रांकने ऐकलेला आवाज इथे शोधायला गेलात तर तो तसाच सापडत नाही. १९३३मध्ये तुर्नमिरने त्यात भर घातली, पुढे १९६२मध्ये लांग्लेच्या काळात त्याला वीज जोडली. दोघंही थोर वादक, दोघांचंही प्रेम होतं, शंका नाही. माझ्या दुरुस्तीवाल्याचंही पेटीवर प्रेमच असावं. मी पाच मिनिटं बसलो आणि उठलो. भाची म्हणाली, “एवढ्यात?” मी म्हटलं, “कॉफी घेऊ.”

रविवार

मोठी मिस्सा, म्हणजे रविवारची मुख्य उपासना, सुरू व्हायच्या आधीच जाऊन बसलो. मी ख्रिस्ती नाही, शेजारच्या आजींना ते लगेच कळलं असणार, कारण कधी उठायचं, कधी बसायचं हे त्या मला कोपराने सांगत होत्या. समोर वेदीजवळ दुसरा छोटा ऑर्गन आहे, गायकांच्या साथीला. तो म्हणतो, आणि शंभर मीटरवरून मागचा मोठा उत्तर देतो. सवाल-जवाब. समोरच्याने भजनाची एक ओळ संपवली आणि मागच्याने तीच ओळ उचलून वेगळ्याच रस्त्याला लावली. बंदिशीचा मुखडा पकडून गवई बढत करतो तसं. हे सगळं तिथल्या तिथे रचलेलं असतं. फ्रेंच ऑर्गनवादकाला उपज येत नसेल तर त्याला इथे उभं करत नाहीत.

मिस्सा झाल्यावर वादकाने एकट्याने वाजवलं. आधी बाख. मग बराच वेळ काहीतरी इतकं हळू, की शेजारच्या आजींच्या पिशवीतली कागदाची सळसळ त्याहून मोठी वाटली. आणि मग खर्ज आला.

आता हे नीट सांगायला हवं. आपल्या पेटीत खर्ज, नर आणि मादी अशा सुरांच्या ओळी असतात. नर मधला, मादी त्याच्या वरच्या सप्तकातली आणि खर्ज खालच्या. ऑर्गनवाले हेच फुटांत मोजतात: आठ फुटी म्हणजे नर, चार फुटी म्हणजे मादी, सोळा फुटी म्हणजे खर्ज. सगळ्यात खालच्या सुराची नळी साधारण तेवढी लांब असते म्हणून. इथे सोळाच्या खाली आणखी एक मजला आहे, बत्तीस फुटी. त्यातला सगळ्यात खालचा सूर सेकंदाला जेमतेम सोळा वेळा थरथरतो. तो कानाला सूर म्हणून लागतच नाही. मी ज्या बाकावर बसलो होतो त्याची पाठीची फळी माझ्या मणक्याशी बोलायला लागली. आजींनी माझ्याकडे बघून मान हलवली: हे तेच.

मग वर जायला मिळालं. भाचीने कुणाला तरी फ्रेंचमध्ये काय सांगितलं देव जाणे. ‘माझे मामा भारतात हार्मोनियम वाजवतात’ एवढं कळलं. अरुंद, गोल दगडी जिना. पायऱ्या मधोमध झिजलेल्या. वर पोचेपर्यंत माझा स्वतःचा भाता गळायला लागला होता.

वादक ऑर्गनकडे पाठ करून बसतो, तोंड वेदीकडे. समोर पाच कीबोर्ड पायऱ्यांसारखे एकावर एक. दोन्ही बाजूंना अर्धगोलात, नाट्यगृहातल्या बाल्कनीसारख्या चढत जाणाऱ्या ओळींमध्ये खुंट्या. प्रत्येकीवर चिनी मातीची गोल पांढरी चकती आणि त्यावर सुबक अक्षरात नाव नि फूट. ‘बुर्दों १६’. ‘फ्ल्यूत आर्मोनिक ८’. काहींच्या कडा बोटांनी पिवळ्या पडलेल्या. पायाशी लाकडी पट्ट्यांचा कीबोर्ड आणि त्याच्या वर लोखंडी चमच्यांसारख्या खटक्यांची रांग. वादकाच्या दोन बाजूंना दोन मदतनीस उभे. वादक नुसती मान हलवतो आणि हे खुंट्या ओढतात, ढकलतात. तबलजीने सम ओळखावी तसं. कुठलंही बटण दाबून सगळं आपोआप होत नाही. बऱ्याच मोठ्या ऑर्गनांवर आता खुंट्यांच्या जुळण्या संगणकात साठवतात, इथे दोन माणसं साठवलेली आहेत.

वादकाने एक सूर दाबला आणि मला ऐकू आलं ते वेगळंच. सुराबरोबर पाठीमागून एक टकटक येत होती, लाकडावर बोटं वाजवल्यासारखी. बार्करचे भाते. खाली एकाही श्रोत्याला ही टकटक कळत नाही. माझ्या वडिलांच्या ऑर्गनच्या पायट्याची कुरकुर पहिल्या रांगेलाही ऐकू जायची नाही, पण विंगेत उभं राहिलं की तीच आधी ऐकू यायची.

फ्ल्यूत आर्मोनिक ओढायला सांगितलं तर मदतनिसाने हसून ओढली. ही काव्हाये-कोलची लाडकी नळी. लांबी दुप्पट आणि मध्यावर बारीक भोक. त्यामुळे नळी आपल्या मूळ सुराऐवजी वरच्या सप्तकात बोलते. आपला बासरीवाला जोरात फुंकून वरचं सप्तक काढतो, तेच. म्हणून तो आवाज पोकळ नाही, भरदार आहे. शिवाय त्याने हवेचा दाब एकसारखा ठेवला नाही. वरच्या सप्तकाच्या नळ्यांना खालच्यांपेक्षा जास्त दाब दिला. पेटीवर तार सप्तकात गेलं की आवाज कसा बारीक होतो, हे ज्याने भोगलंय त्याला याची किंमत कळेल.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी मी आलो होतो. काव्हाये-कोलच्या आधी १८३५नंतर दुसऱ्या एका कारखान्याने हा ऑर्गन सुधारायला घेतला होता. त्यातल्या लुई कालिने नावाच्या भागीदाराने रागाच्या भरात आपणच केलेलं काम मोडून टाकलं, असं सांगतात. अशा अर्धवट, भांडणात सापडलेल्या वाद्यात काव्हाये-कोल १८५७मध्ये शिरला. पाच वर्षं घेतली. १८६२च्या २९ एप्रिलला उद्घाटन झालं तेव्हा चौसष्टच्या शंभर खुंट्या झाल्या होत्या, नळ्या सुमारे सात हजार. फ्रांक, सां-सांस आणि गिल्मां असे एकापेक्षा एक वादक वाजवायला आले. शंभर खुंट्यांचे ऑर्गन तेव्हा युरोपात लिव्हरपूल आणि उल्म इथे होते, त्यांच्या पंगतीत हा बसला.

त्याला सगळं नवं करता आलं असतं. नाव होतं, युक्ती होती, हाताखाली कारखाना होता. पण त्याने शालग्रँचं देऊळ जसंच्या तसं ठेवलं आणि त्याच्या पोटात मजल्यांवर मजले चढवून नवा सांगाडा उभा केला. त्या सांगाड्यात क्लिकोच्या जुन्या नळ्या परत उभ्या केल्या, एक-दोन नव्हे, रांगाच्या रांगा. नव्या नळ्या त्यांच्याशी जमवून घेतल्या. वादकाने मला आधी जुन्या रांगा वाजवून दाखवल्या. कोरडा, थोडा नाकातला, दरबारी आवाज. राजाच्या वेळचा. मग त्यात त्याने नव्या मिसळल्या. शिवण दिसली नाही. मी दोनदा मागून ऐकलं, तरी दिसली नाही. पोटातला गोळा तिथे कुठेतरी विरघळला असावा, कारण खाली उतरल्यावर मला सडकून भूक लागली.

यापुढची गोष्ट त्याहून दुर्मीळ आहे. पुढच्यांनी हात लावला नाही. १८७०च्या जानेवारीत पंचवीस वर्षांच्या व्हिदोरला इथे वादक म्हणून नेमलं, तेही हंगामी, वर्षभरापुरतं. त्याला कायम केल्याचा कागद कधी निघालाच नाही आणि हा माणूस हंगामी म्हणून जवळजवळ चौसष्ट वर्षं वाजवत राहिला. आपल्याकडे हंगामी लागलेले लोक कोर्टात जातात, व्हिदोरने दहा ऑर्गन सिंफनी लिहिल्या. त्यातल्या पाचवीचा शेवटचा तुकडा, ती धावती तोकाता, तुम्ही कुठल्या ना कुठल्या लग्नाच्या व्हिडिओत ऐकलीच असेल. त्याच्यानंतर त्याचाच शिष्य आणि मदतनीस द्युप्रे बसला. तो १९७१मध्ये एका रविवारी सकाळी इथे वाजवून घरी गेला आणि त्याच दिवशी वारला. दोन माणसांत एक शतक गेलं. भर पडली ती एवढीच: व्हिदोर निवृत्त झाला तेव्हा त्याच्या सन्मानार्थ पायाच्या कीबोर्डाला दोन खुंट्या जोडल्या. शंभरच्या एकशे दोन. पुढे १९८८ ते १९९१ मोठी दुरुस्ती झाली, तीही होतं तसंच राखून.

व्हिदोर याच चर्चच्या तळघरात पुरला आहे. म्हणजे अजूनही कामावर.

सोमवार

परतीचं विमान रात्री. सकाळी मोंपार्नासच्या दफनभूमीत काव्हाये-कोलचं थडगं शोधायला गेलो. चूक आमची, नकाशा उलटा धरला होता. वाटेत फ्रांक भेटला, तोही इथेच आहे. अर्ध्या तासाने काव्हाये-कोल सापडला, साधासा. एवढे ऑर्गन करून म्हातारपणी त्याचा धंदा कर्जात गेला आणि कारखाना दुसऱ्याच्या हाती गेला होता. भाचीने वाटेत घेतलेलं एक पिवळं फूल तिथे ठेवलं. मी हात जोडले. जवळून जाणाऱ्या बाईंनी, कुणी नातेवाईक असावेत अशा समजुतीने, आमच्याकडे बघून हळू मान झुकवली.

विमानतळावर बसून कालचं रेकॉर्डिंग लावलं. मोबाईलवर बत्तीस फुटी खर्ज मुळीच आला नव्हता. जिथे तो यायला हवा तिथे नुसती शांतता, कुणाचा तरी खोकला आणि बाकाची फळी बारीक कुरकुरत होती.

धाकट्या भावाला फोन लावला. म्हटलं, “अरे, माळ्यावर अण्णांच्या पेटीच्या सुरांचा डबा आहे ना रे? बिस्किटाचा?”

“आहे की दादा,” तो म्हणाला. “पण त्यात आता मी खिळे ठेवतो. सूर कशात ओतले ते बघावं लागेल.”